सारिया ते सांतियागो: पाच दिवसांचा कामिनो सात दिवस आणि एका सकाळीत चाला

प्रश्न थोडक्यात असा आहे. वसईचे ६४ वर्षांचे वडील, त्यांची मुलगी आणि मुलीची शाकाहारी मैत्रीण (अंडे चालते) असे तिघे सप्टेंबरमध्ये स्पेनमधला ‘कामिनो दे सांतियागो’ (सांतियागो शहराकडे जाणारी ख्रिस्ती यात्रेची पायवाट) चालायला जाणार आहेत. वडिलांना ही वाट दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ चालायची आहे. त्यांचे गुडघे अधूनमधून दुखतात. एका सहल कंपनीने सारिया गावापासून पाच दिवसांचा कार्यक्रम दिला आहे: २२, २५, २९, १९ आणि २० किलोमीटर. हे झेपेल का, आणि तयारी काय करावी?

वाट झेपेल, पण हा कार्यक्रम घेऊ नका. सांतियागोला संत याकोबाच्या समाधीकडे जाणाऱ्या वाटांपैकी ‘फ्रेंच मार्ग’ नावाच्या वाटेचा हा शेवटचा, साधारण ११५ किलोमीटरचा तुकडा. चढ-उताराच्या हिशेबाने तो अवघड नाही. सारिया समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, वाटेतला सर्वांत उंच भाग सातशेच्या थोडा वर. सह्याद्रीत फिरणाऱ्याला यात काहीच वाटणार नाही. तरीही दरवर्षी कितीतरी लोक तिसऱ्या-चौथ्या दिवशी टॅक्सीत बसतात, कारण रोजचे अंतर त्यांच्या पायांना पेलत नाही. पायाला फोड येतात ते पहिल्या दोन दिवसांत. दुखायला लागतात तिसऱ्या दिवशी. आणि नेमका त्याच दिवशी पालास दे रेइ ते अर्सुआ हा २९ किलोमीटरचा सगळ्यात लांब टप्पा ठेवलेला असतो. पाच दिवसांच्या कार्यक्रमातली खरी चूक ही आहे.

यापेक्षा असे चाला. पहिला दिवस सारिया ते फेरेइरोस, १३ किलोमीटर. दुसरा फेरेइरोस ते गोन्सार, १७. पोर्तोमारिन मध्ये लागते, तिथे जेवून पुढे निघायचे. तिसरा गोन्सार ते पालास दे रेइ, १७. चौथा पालास ते मेलिदे, १५. पाचवा मेलिदे ते अर्सुआ, १४. सहावा अर्सुआ ते ओ पेद्रोउसो, १९. सातवा पेद्रोउसो ते लाव्हाकोया, फक्त १०. आठव्या सकाळी उरलेले १० किलोमीटर चालून सांतियागो. अंतरे एखाद्या किलोमीटरने इकडेतिकडे होतील, राहण्याची जागा गावाच्या कुठल्या टोकाला मिळते त्यावर.

या आखणीचा आणखी एक फायदा आहे. बहुतेक सगळे पोर्तोमारिन, पालास, अर्सुआ आणि पेद्रोउसो इथेच मुक्काम करतात, त्यामुळे तिथे गर्दी दाटते आणि सकाळी सात ते नऊ वाटेवर रांग लागल्यासारखी होते. फेरेइरोस आणि गोन्सारला राहिलात की तुम्ही गर्दीच्या दोन लाटांमधल्या मोकळ्या जागेत चालता आणि सकाळी वाट बरीच मोकळी मिळते. लाव्हाकोयाच्या मुक्कामाचे कारण मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) आहे. कॅथेड्रलमध्ये यात्रेकरूंसाठी दुपारी बारा वाजता मिस्सा असते. पेद्रोउसोहून ती गाठायची तर पहाटे अंधारात निघून वीस किलोमीटर घाईने कापावे लागतात. लाव्हाकोयाहून साडेसातला निघालात तरी अकराच्या आत कॅथेड्रलच्या चौकात पोहोचता, सॅक ठेवायला वेळ मिळतो (पाठीवर सॅक घेऊन कॅथेड्रलमध्ये सोडत नाहीत) आणि वडील धापा न टाकता बाकावर बसतात. लाव्हाकोयाच्या ओढ्यात मध्ययुगातले यात्रेकरू शहरात शिरण्याआधी अंघोळ करत, म्हणजे शेवटचा मुक्काम इथे करणे परंपरेलाही धरूनच आहे.

सारियाहूनच सगळे का सुरू करतात? ‘कोंपोस्तेला’ हे लॅटिन प्रमाणपत्र मिळायला पायी किमान १०० किलोमीटर चालावे लागते, आणि रेल्वे स्थानक असलेले, शंभराच्या थोडे बाहेरचे सोयीचे गाव सारिया. पुरावा म्हणून ‘क्रेदेन्सियाल’ नावाची घडीची पुस्तिका घ्यायची आणि तिच्यात रोज किमान दोन शिक्के घ्यायचे, तारखेसकट. पुस्तिका सारियाच्या मादालेना मठात दोन-तीन युरोत मिळते. शिक्का, म्हणजे ‘सेयो’, बार, चर्च, आल्बेर्गे (यात्रेकरूंची वसतिगृहे), सगळीकडे मारतात. एक शिक्का दुपारच्या थांब्यावर, दुसरा मुक्कामी, ही सवय ठेवा. एकाच गावात पाच शिक्के आणि पुढच्या गावी एकही नाही असे झाले तर प्रमाणपत्राच्या खिडकीवर अडचण येते.

वडिलांचा गुडघा एखाद्या दिवशी फारच कुरकुरला तर काय, हे आधीच ठरवून ठेवा. जिथे थांबलात तिथे बारमधून शिक्का घ्या, त्यांनाच टॅक्सी बोलवायला सांगा, मुक्कामी जा. दुसऱ्या सकाळी टॅक्सीने त्याच जागी परत या, पुन्हा शिक्का घ्या आणि तिथूनच चालायला लागा. अंतर तुटत नाही, मनालाही रुखरुख राहत नाही. टॅक्सीने पुढचा टप्पा उडवला तर मात्र शंभराचा हिशेब बिघडतो. सारियापासून हाताशी जास्तीचे असतात ते पंधराएक किलोमीटरच.

आता वाटेबद्दल. खुणांची चिंता नको. पिवळे बाण आणि दगडी खांब इतके आहेत की नकाशा काढायची वेळ क्वचित येते. हे बाण १९८० च्या दशकात ओ सेब्रेइरो गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी स्वतः रंगवायला सुरुवात केली. ते मूळचे याच सारिया भागातले. मात्र काही बारवाले आपल्या दाराकडे वळवणारे बाण रंगवतात. शंका आली तर शिंपल्याचे चिन्ह असलेला दगडी खांब प्रमाण मानायचा.

पहिल्या दोन दिवसांची वाट सगळ्यात सुंदर आहे: ओक आणि चेस्टनटची झाडे, दोन्ही बाजूंना दगडी कुंपण, मधून खोलगट गाडीवाट. पाऊस झाला की याच वाटांतून पाणी वाहते आणि मधे मांडलेल्या दगडांवरून जावे लागते. गालिसियात, म्हणजे स्पेनच्या या वायव्य प्रदेशात, सप्टेंबरातही पाऊस येतो, तेव्हा सॅकवरून सगळे अंग झाकणारा पोंचो हवाच. छत्री उपयोगाची नाही.

सगळ्यात जपायची जागा आहे पोर्तोमारिनच्या अलीकडची. ‘विलाचा’ नावाच्या वस्तीनंतर वाट फुटते. जुनी वाट खडकातल्या अरुंद घळीतून सरळ खाली उतरते. ओली असताना ती निसरडी होते. वडिलांना घेऊन तिकडे जाऊ नका. फाट्यावरचा फलक पाहून दुसरा, थोडा लांबचा पण सौम्य पर्याय घ्या. पायाची नखे काळी पडतात ती याच उतारावर, कारण बोटे बुटाच्या टोकावर आदळत राहतात. उतार सुरू होण्याआधी थांबून नाड्या पुन्हा बांधा: घोट्याजवळ घट्ट, चवड्यावर सैल, म्हणजे टाच मागे बसते आणि बोटांना जागा राहते. काठ्या असतील तर पाच ते दहा सेंटिमीटरने लांब करा. पुढे मिन्यो नदीवरचा लांब पूल आणि गावात चढणारा दगडी जिना. जुने पोर्तोमारिन १९६० च्या दशकात बेलेसार धरणाच्या पाण्याखाली गेले. त्याआधी तिथले चर्च दगड सुटे करून वरच्या जागी पुन्हा बांधले. भिंतीजवळ जाऊन पाहा, काही दगडांवर तेव्हा घातलेले आकडे अजून दिसतात.

पोर्तोमारिन ते गोन्सार चढ आहे आणि बराचसा रस्त्याच्या कडेने. मेलिदेच्या आधी फुरेलोसचा मध्ययुगीन पूल लागतो. मेलिदे ते अर्सुआ अंतर कमी, पण ओढ्यांमुळे सतत वर-खाली. गुडघ्यांना हा दिवस पहिल्या दिवसापेक्षा जड जातो, म्हणून रिबादिसोला नदीकाठी अर्धा तास पाय पाण्यात सोडून बसा आणि नीट कोरडे करूनच मोजे घाला. अर्सुआनंतर निलगिरीची राने. सांता इरेनेच्या आसपास वाट मोठ्या रस्त्याला पुन्हा पुन्हा भेटते. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपण आधी उजवीकडे पाहतो तेव्हा गाडी डावीकडून आलेली असते. मुद्दाम थांबून डावीकडे पाहायचे. शेवटच्या सकाळी मोन्ते दो गोसो टेकडी. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८९ मध्ये जागतिक युवा दिनाची मिस्सा इथे अर्पण केली. कॅथेड्रलचे मनोरे जिथून प्रथम दिसतात ती दोन यात्रेकरूंच्या पुतळ्यांची जागा मुख्य वाटेवर नाही, थोडे बाजूला जावे लागते. बरेच जण ती चुकवतात. वडिलांना तिथे नक्की न्या.

पायांबद्दल थोडे विस्ताराने, कारण बाकी सगळे निभावते पण पाय गेले की सगळे गेले. फोड फक्त घासण्याने येत नाही. घामाने मऊ झालेली कातडी मोज्याला चिकटते, आतले हाड मात्र पुढे-मागे सरकत राहते, आणि मधले थर एकमेकांपासून सुटून तिथे पाणी भरते. म्हणून ओल कमी ठेवणे आणि बुटात पाय न सरकू देणे, हे दोनच उपाय खरे. बूट संध्याकाळी विकत घ्या, पाय सुजलेले असताना. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. घोट्यावर चढणाऱ्या जड बुटांची या वाटेवर गरज नाही, चांगल्या पकडीचे हलके ट्रेल शूज पुरतात. निघण्याआधी त्यातून साठ-सत्तर किलोमीटर झालेले हवेत. मोजे मेरिनो लोकरीचे किंवा सिंथेटिक, सुती अजिबात नको. सकाळी बोटांना, टाचांना व्हॅसलीन. दर दोन तासांनी बूट-मोजे काढून दहा मिनिटे पाय उघडे ठेवा आणि मोजे बदला. ओले मोजे सॅकला बाहेरून टाचणीने लटकवले की वाळतात.

एखादी जागा गरम वाटू लागली, चुरचुरली, की त्याच क्षणी थांबायचे. ‘पुढच्या गावात बघू’ म्हणणारा पुढच्या गावात फोड घेऊन पोहोचतो. व्हॅसलीन पुसून, जागा कोरडी करून चिकटपट्टी लावा, आणि पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा, नाहीतर ते मोज्यात अडकून सुटतात. फोड आलाच आणि लहान असला तर फोडू नका. मोठा, टम्म, पाय टेकवत नसेल असा असला तर जंतुनाशकाने पुसलेल्या सुईने कडेला दोन छिद्रे पाडून पाणी दाबून काढा, वरची कातडी तशीच ठेवा, जंतुनाशक लावून कोरडी पट्टी बांधा. फोडातून दोरा ओवून ठेवायची जुनी पद्धत वाटेवर अजून ऐकायला मिळेल. ती करू नका, दोऱ्यावाटे जंतू आत जातात. जेलच्या तयार पट्ट्या तिथल्या औषध दुकानांत मिळतात. त्या एकदा लावल्या की आपणहून सुटेपर्यंत ओढायच्या नाहीत, कातडी सोबत निघते. वडिलांना मधुमेह असेल तर घरगुती सुई नकोच. हिरव्या क्रॉसची ‘फार्मासिया’ किंवा आरोग्य केंद्र गाठा.

नडगीच्या खाली, घोट्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागले तर ते डांबरावर भराभर चालण्याने आणि वरची नाडी करकचून आवळल्याने होते. उतार संपला की वरची नाडी सैल करा, पाऊल लहान टाका, मुक्कामी बर्फ लावा.

सरावाला तीन महिने घ्या. वसईचा किनारा चालायला छान, पण वाळूवरचा सराव इथे फारसा कामाचा नाही. तुंगारेश्वरचा चढ आणि जीवदानीच्या पायऱ्या यांचा उपयोग करा, त्यातही पायऱ्या उतरण्याकडे लक्ष द्या. गुडघा चढताना कमी आणि उतरताना जास्त बोलतो. शेवटच्या महिन्यात शनिवारी पंधरा आणि रविवारी पुन्हा पंधरा किलोमीटर चाला, सॅकसकट. एका दिवसात पंचवीस चालून दाखवण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी परत निघता येते का, हेच या वाटेला लागते. आळंदी-पंढरपूर वारी केलेल्यांना हे सांगावे लागत नाही.

सॅक शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत. बहुतेकांना पाच-सहा किलो पुष्कळ. दोन जोड कपडे, तिसरा अंगावर, रोज संध्याकाळी धुवायचे. वडिलांची मोठी बॅग पुढे पाठवा. स्पेनचे टपाल खाते आणि काही खासगी सेवा टप्प्यामागे चार ते सहा युरोत ती पोहोचवतात: लेबलवर नाव, फोन आणि आजच्या मुक्कामाचे नाव लिहून सकाळी आठच्या आत स्वागतकक्षात ठेवायची, दुपारी पुढच्या गावी मिळते. औषधे, पासपोर्ट, पैसे आणि क्रेदेन्सियाल त्या बॅगेत कधीही टाकू नका. गालिसिया सरकारच्या आल्बेर्गेंमध्ये अशी बॅग घेत नाहीत. तिथे आगाऊ आरक्षणही नसते, जो आधी येईल त्याला खाट, रात्रीचे दहा युरो. तुमच्यासाठी खासगी आल्बेर्गे किंवा ‘पेन्सिओन’ (छोटे अतिथिगृह) बरे. वडिलांना खालची खाट आणि शांत झोप मिळायला हवी. खाटेवर सॅक टाकण्याआधी गादीची शिवण उलटून काळे ठिपके पाहा. असतील तर ढेकूण आहेत, खोली बदलून मागा.

काठ्या विमानात केबिनमध्ये नेता येत नाहीत. सारियातच वाटेवरच्या दुकानांत स्वस्तात मिळतात, तिथेच घ्या.

मैत्रिणीच्या जेवणाकडे खास लक्ष द्यावे लागेल. गालिसिया मांस-मासळीचा प्रदेश आहे आणि ‘मांस नको’ म्हटल्यावर तिथला स्वयंपाकी मोठे तुकडे काढतो, हॅम आणि ट्युना मांसात धरत नाही. मिश्र सॅलडवर ट्युना असतोच. ‘बेखेताल’ नावाच्या सँडविचमध्येही तो बहुधा असतो. ‘काल्दो गायेगो’ हे पालेभाजी-बटाट्याचे सूप दिसायला निरुपद्रवी, पण डुकराच्या चरबीवर शिजवलेले. मसूर-छोल्यांच्या रश्श्यात चोरिसो (डुकराच्या मांसाचे सॉसेज). म्हणून वाक्य असे पाठ करा: ‘सिन कार्ने, सिन खामोन, सिन आतुन’, म्हणजे मांस, हॅम, ट्युना काहीच नको. बिनधास्त चालतील असे पदार्थ: बटाट्याचे जाड ऑम्लेट ‘तोर्तिया’ (त्यात चोरिसो नाही ना, एवढे विचारून), तळलेल्या लहान हिरव्या मिरच्या ‘पिमिएन्तोस दे पाद्रोन’, अर्सुआचे मऊ चीज आणि पाव, टोमॅटोचे सॅलड, बदामाचा ‘तार्ता दे सांतियागो’ केक, ज्यात अंडे असते. सुपरमार्केटमध्ये उकडलेल्या छोल्यांची काचेची बरणी मिळते. धुऊन, टोमॅटो-कांदा चिरून, घरून नेलेला चाट मसाला घातला की पोटभर जेवण होते. घरून मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले चणे न्या. तूप, पेढे, बर्फी नको. युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे. सरकारी आल्बेर्गेत स्वयंपाकघर असते पण भांडी बहुतेक नसतात. दुपारचे जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचे साडेसात-आठनंतर. रविवारी छोट्या गावांत दुकाने बंद. शनिवारीच खरेदी उरका.

व्हिसाचे थोडक्यात: स्पेनचा शेंगेन व्हिसा, मुंबईच्या केंद्रात अर्ज, प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा लागतो. मुक्कामाचा पुरावा मागतात, म्हणूनही खासगी आरक्षणे आधी करा, आणि सोबतच्या पत्रात गावांची नावे तारखेसह लिहून चालत जाणार असल्याचे स्पष्ट सांगा; नाहीतर रोज वेगळे हॉटेल पाहून प्रश्न विचारले जातात. माद्रिदच्या चामार्तिन स्थानकातून औरेन्से-मोन्फोर्ते मार्गे रेल्वेने सारिया गाठता येते. सप्टेंबर निवडलात ते चांगले केलेत. फक्त २०२७ मध्ये जाणार असाल तर आरक्षण खूप आधी करा: २५ जुलै, संत याकोबाचा सण, त्या वर्षी रविवारी येतो. ते पवित्र वर्ष असते, कॅथेड्रलचे पवित्र द्वार उघडले जाते आणि गर्दी खूप वाढते. वसईकरांना हा संत अनोळखी नाही, आगाशीचे चर्च त्याच्याच नावाचे आहे.

रोजच्या मिस्सेची वेळ गावच्या चर्चच्या दारावर लिहिलेली असते, बहुधा संध्याकाळी सात-आठच्या सुमारास. कॅथेड्रलमधले प्रचंड धूपपात्र ‘बोताफुमेइरो’ प्रत्येक मिस्सेला झुलवत नाहीत. ठरलेल्या सणांना आणि कोणी खास विनंती केली असेल तेव्हाच. ते पाहायला मिळेलच असे वडिलांना आधी सांगून ठेवू नका.

प्रमाणपत्राचे कार्यालय रुआ दास कार्रेतास या गल्लीत, चौकापासून काही मिनिटांवर. आदल्या रात्री मोबाइलवर नाव नोंदवून ठेवा, तिथे गेल्यावर क्रमांक मिळतो. चालण्याचा हेतू विचारतात. धार्मिक किंवा आध्यात्मिक सांगितला तर लॅटिन कोंपोस्तेला, विनामूल्य. आणि वडिलांसाठी सगळ्यात महत्त्वाचे: दिवंगत किंवा आजारी व्यक्तीच्या वतीने चालल्याची नोंद कोंपोस्तेलावर करून मिळते. खिडकीवर ‘विकारिए प्रो’ एवढे म्हणा आणि आईंचे नाव रोमन लिपीत मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद पुढे करा. तोंडी सांगितलेले भारतीय नाव हमखास चुकीचे लिहिले जाते. खिडकी सोडण्याआधी दोन्ही नावे वाचून घ्या. तिथल्या तिथे बदलून देतात.